धावपट्टीवरचा निर्णय: वैमानिकाच्या अधिकाराचा एक इतिहास

प्रवासी विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे राहते, इंजिनांना उड्डाणाची शक्ती दिली जाते आणि त्यानंतर चाके जमीन सोडेपर्यंत साधारणतः अर्धे ते पाऊण मिनिट जाते. एवढ्या अवधीत वैमानिकासमोर एकच प्रश्न असतो, तो म्हणजे धाव चालू ठेवायची की रद्द करायची. या प्रश्नाला दोन बाजू आहेत. वेग, वजन, धावपट्टीची लांबी आणि तापमान यांचे गणित ही पहिली बाजू होय. थांबण्याचा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाला आणि तो ऐकणे कोणावर बंधनकारक, ही दुसरी. पहिल्या बाजूचा इतिहास विमानशास्त्राच्या ग्रंथांत विस्ताराने आढळतो, तर दुसरीचा इतिहास चौकशी अहवालांत, संपांच्या हकिकतींत आणि वैमानिकांच्या नोकरीच्या अटींत विखुरलेला आहे. दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या म्हणजे असे दिसते की गेल्या शंभर वर्षांत हा निर्णय धावपट्टीवरून उचलून हळूहळू धावेच्या आधीच्या वेळेत नेण्यात आला आणि तो घेणारा एकटा कप्तान दोन माणसांच्या करारात बांधला गेला. पहिला बदल बव्हंशी पुरा झाला आहे. दुसरा अद्याप अर्धवट आहे.

आरंभीच्या काळात निर्णयाचा प्रश्न धाव सुरू होण्यापूर्वीच मिटत असे, कारण एका इंजिनाच्या विमानात ते इंजिन बंद पडले तर समोर दिसेल त्या शेतात उतरण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. खरा वाद होता तो मुळात उडावे की नाही याचा. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ मध्ये हवाई टपालसेवा सुरू केली, तेव्हा खात्याचे वरिष्ठ अधिकारी ऑटो प्रेगर यांचा आग्रह असा होता की ठरलेल्या वेळी विमान निघालेच पाहिजे, मग धुके असो वा पाऊस. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क येथून, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरून, दाट धुक्यात उडण्यास दोन वैमानिकांनी नकार दिला. त्यांना कामावरून काढण्यात आले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप पुकारला. तडजोडीत असे मान्य झाले की हवामानाचा निर्णय वॉशिंग्टनच्या कचेरीत न होता प्रत्यक्ष मैदानावर व्हावा. वैमानिकांच्या व्यवसायातील हा पहिला मोठा संप वेतनासाठी नसून नकाराच्या अधिकारासाठी होता, ही गोष्ट या व्यवसायाचा स्वभाव समजण्यास पुरेशी आहे. पुढे १९३१ मध्ये डेव्हिड बेंकी यांच्या पुढाकाराने अमेरिकी वैमानिकांची संघटना उभी राहिली, तिच्या मुळाशीही वेतनाइतकाच सुरक्षिततेचा प्रश्न होता.

भारतातील नियमित हवाई टपालाचा आरंभ याच प्रकारच्या एकट्या वैमानिकाने झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड येथून पुस मॉथ जातीचे एक इंजिनाचे विमान उडवले आणि अहमदाबादला इंधन घेऊन ते मुंबईला जुहूच्या मैदानावर आणले. तेथून पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पूर्ण केला. विमानात रेडिओ नव्हता, वाटेत मार्गदर्शक यंत्रणा नव्हती आणि जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत सेवेचा मुक्काम पुण्याला हलवला जात असे. जुहूवरून पावसाळ्यात उडावे की नाही हा निर्णय अशा रीतीने कोणा वैमानिकाच्या धाडसावर न सोडता वेळापत्रकातच घेतला गेला होता. सुरक्षिततेच्या इतिहासात या साध्या व्यवस्थेला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही.

विमाने मोठी झाली, कॉकपिटमध्ये दोन, तीन, कधी पाच माणसे बसू लागली, तेव्हा त्यांच्यात अधिकाराची उतरंड कशी असावी हा प्रश्न आला आणि त्याचे उत्तर विमान कंपन्यांनी जहाजावरून उचलले. पॅन अमेरिकन कंपनीने १९३० च्या दशकात समुद्रावर उतरणारी मोठी विमाने चालवताना त्यांना क्लिपर हे शिडाच्या वेगवान जहाजांचे नाव दिले, वैमानिकांना नौदलाच्या धर्तीवरचा गडद गणवेश दिला आणि मुख्य वैमानिकास कॅप्टन म्हणण्याची प्रथा रूढ केली. बाहीवरच्या चार पट्ट्या, डाव्या बाजूचे आसन आणि शेवटचा शब्द या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे गेल्या. शेजारच्या सहवैमानिकाची भूमिका बराच काळ आज्ञाधारक शिकाऊ माणसाची राहिली. चाके वर घेणे, रेडिओ सांभाळणे आणि विचारल्याशिवाय न बोलणे हे त्याचे काम. समुद्रावर कप्तानाचे एकहाती शासन चालू शकते, कारण जहाजाच्या बहुतेक निर्णयांना मिनिटे किंवा तास मिळतात. धावपट्टीवर सेकंद मिळतात, आणि तेथे हीच उतरंड घातक ठरू शकते हे समजण्यास व्यवसायाला जवळजवळ अर्धे शतक लागले.

एका माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबू नये हा धडा मात्र लवकर मिळाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडाले, सरळ वर चढत गेले आणि कोसळले. विमान उभे असताना वाऱ्याने त्याचे नियंत्रक पंख हलू नयेत म्हणून लावलेली कळ उड्डाणापूर्वी सोडायची राहून गेली होती. विमान चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे लष्कराचे अत्यंत अनुभवी चाचणी वैमानिक होते, त्यामुळे कौशल्य कमी पडले असे कोणालाच म्हणता येईना. त्यातून चेकलिस्टचा, म्हणजे प्रत्येक टप्प्यापूर्वी एकाने वाचायच्या व दुसऱ्याने पडताळून उत्तर द्यायच्या यादीचा, नियमित वापर सुरू झाला. अनुभवी माणूसही विसरतो हे या यादीने व्यवसायाच्या कार्यपद्धतीतच मान्य करून टाकले.

प्रवासी विमानांना दोन वा अधिक इंजिने आली तेव्हा धाव चालू असताना करायचा निर्णय प्रथमच अर्थपूर्ण झाला. एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या इंजिनांवर विमान हवेत चढू शकते, पण त्यासाठी पुरेसा वेग आधी मिळालेला असला पाहिजे. उलट थांबायचे तर पुढे पुरेशी धावपट्टी शिल्लक असली पाहिजे. वेग वाढत जातो तशी पहिली शक्यता सुधारते आणि दुसरी बिघडते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते, म्हणून थांबण्याची संधी ज्या झपाट्याने निसटते त्याचा अंदाज नुसत्या नजरेला येत नाही. या दोन शक्यतांच्या मधोमध जो वेग काढला जातो त्यास वैमानिक व्ही-वन म्हणतात. त्या वेगापर्यंत थांबण्याची पहिली कृती झालेली असेल तर विमान धावपट्टीच्या हद्दीत थांबते. तो वेग ओलांडल्यावर इंजिन बंद पडले तरी धाव चालू ठेवूनच उडायचे असते. त्यानंतरचा टप्पा नाक उचलण्याच्या वेगाचा, ज्याची हाक 'रोटेट' अशी दिली जाते, आणि त्याहून पुढचा व्ही-टू हा एक इंजिन बंद असतानाही सुरक्षितपणे चढण्याचा वेग होय. विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी व उतार, तिचा ओलेपणा, वारा, तापमान आणि विमानतळाची उंची यांनुसार हे तिन्ही आकडे प्रत्येक उड्डाणासाठी नव्याने काढावे लागतात. जेट विमानांसाठी या गणिताची कायदेशीर चौकट अमेरिकेत १९५७ पासून घातली गेली आणि पुढे जगभर तिचेच अनुकरण झाले.

चौकट तयार होत असतानाच तिच्यातील उणिवांची किंमत वैमानिकांना मोजावी लागत होती. जगातील पहिले प्रवासी जेट विमान असलेले कॉमेट २६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोमच्या चाम्पिनो विमानतळावर उडू शकले नाही आणि धावपट्टीबाहेर जाऊन मोडले. ३ मार्च १९५३ रोजी कराचीत दुसरे कॉमेट तशाच प्रकारे कोसळून त्यातील सर्व ११ जण मरण पावले. धावेत नाक प्रमाणाबाहेर उचलले गेले तर या विमानाच्या पंखांची उचल कमी होई व विरोध वाढे, त्यामुळे वेग वाढायचाच थांबे. रोमच्या अपघाताचा दोष कॅप्टनवर ठेवण्यात आला. नंतर उत्पादकाने पंखांच्या पुढच्या कडेचा आकार बदलला, म्हणजे दोष यंत्रातही होता हे कृतीने मान्य केले; वैमानिकाच्या नावावर लागलेला डाग मात्र त्या वेगाने पुसला गेला नाही.

याच प्रकारचा, परंतु अधिक दीर्घकाळ चाललेला अन्याय म्युनिकच्या अपघातात घडला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे अँबॅसडर जातीचे विमान मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाला बेलग्रेडहून घरी नेत होते आणि इंधनासाठी म्युनिकला थांबले होते. बर्फ पडत होते व धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल साचला होता. पहिले दोन प्रयत्न वैमानिकांनी इंजिनाच्या दाबात चढउतार दिसल्याने रद्द केले, आणि दोन्ही वेळा त्यांचा निर्णय नियमानुसार योग्यच होता. तिसऱ्या धावेत विमान केनेथ रेमेंट चालवत होते आणि कप्तान जेम्स थेन वेग वाचत होते. ११७ नॉटला थेन यांनी व्ही-वनची हाक दिली. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. उड्डाणाला केवळ २ नॉट अधिक हवे होते, पण काटा पुढे जाण्याऐवजी ११२ वर आणि मग १०५ वर उतरला. थांबण्याची सीमा ओलांडलेली आणि उडण्याचा वेग मिळत नाही, अशी जी स्थिती पुस्तकी गणितात संभवतच नव्हती ती प्रत्यक्षात उभी राहिली. विमान कुंपण तोडून एका घरावर आदळले. २३ जणांचा मृत्यू झाला, त्यांत संघाचे आठ खेळाडू होते. रेमेंट यांचा अंत काही आठवड्यांनी रुग्णालयात झाला.

जर्मन चौकशीने पंखांवर बर्फ साचू दिल्याचा ठपका थेन यांच्यावर ठेवला आणि कंपनीने त्यांना कामावरून दूर केले. थेन यांनी पुढची दहा वर्षे एकच मुद्दा लावून धरला, की वेग कमी झाला तो चाकांभोवतीच्या बर्फचिखलाच्या अडथळ्यामुळे. ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले की काही सेंटिमीटर जाडीचा असा चिखल वाढत्या वेगाला रोखण्याइतका विरोध करतो, आणि नव्याने झालेल्या ब्रिटिश चौकशीने १९६९ मध्ये थेन यांना दोषमुक्त केले. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले. व्यावसायिक वैमानिक म्हणून ते पुन्हा कधीच उडाले नाहीत. आज बर्फचिखलाची जाडी मोजून ठरावीक मर्यादेपलीकडे उड्डाण थांबवले जाते. व्ही-वन हा आकडा ज्या गृहीतकांवर उभा असतो ती गृहीतके धावपट्टीवर खरी आहेत का हे तपासणे धाव सुरू होण्यापूर्वीचे काम आहे, ही जाणीव म्युनिकमुळे पक्की झाली.

व्ही-वनच्या व्याख्येतही पुढे महत्त्वाची दुरुस्ती झाली. जुन्या समजुतीनुसार हा इंजिन बंद पडण्याचा वेग होता, जणू बिघाड, जाणीव आणि कृती या तीन घटना एकाच क्षणी घडतात. १९७८ च्या अमेरिकी नियमबदलाने बिघाड ओळखून हात हलवण्यास लागणारा वेळ गणितात धरला आणि व्ही-वनपूर्वीच वैमानिकाची पहिली कृती व्हायला हवी हे स्पष्ट झाले. तरीही 'निर्णयाचा वेग' हे नाव चिकटून राहिले आणि अनेकांच्या मनात तो विचार करण्याची अखेरची जागा बनला, वास्तविक तेथे पोहोचेपर्यंत विचार संपलेला असावा लागतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी हवाई प्रशासन आणि विमान उत्पादकांनी मिळून रद्द केलेल्या उड्डाणांचा मोठा अभ्यास केला. त्यात असे आढळले की साधारण तीन हजार उड्डाणांमागे एक धाव रद्द होते, तीही बहुतेक वेळा कमी वेगात आणि निर्धोकपणे. धावपट्टीबाहेर गेलेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमानांत मात्र थांबण्याची कृती व्ही-वन उलटून गेल्यावर झाली होती, आणि बहुसंख्य प्रसंगी विमान उडण्यास समर्थ होते. टायर फुटण्याचा आवाज, एखादा लाल दिवा, हादरा, एवढ्यानेच हात मागे आला होता.

या निष्कर्षांतून आजची शिस्त आली. सुमारे ८० किंवा १०० नॉटपर्यंत कोणत्याही गंभीर शंकेवर धाव रद्द करता येते. त्यानंतर व्ही-वनपर्यंत केवळ इंजिनाचा बिघाड, आग, वाऱ्याच्या दिशा-वेगातील धोकादायक बदल किंवा विमान उडणारच नाही अशी खात्री, एवढीच कारणे चालतात. विमान सहवैमानिक चालवत असला तरी व्ही-वनपर्यंत कॅप्टनचा हात इंजिनांच्या कळांवर असतो आणि हाक ऐकताच तो तेथून उचलला जातो, जेणेकरून घाबरून कळा मागे ओढण्याचा मोहच राहू नये. प्रत्येक धावेपूर्वी दोघेही वैमानिक कोणत्या कारणासाठी थांबायचे, शब्द कोण उच्चारील आणि पुढे कोण काय करील हे मोठ्याने बोलून घेतात. बहुतेक कंपन्यांत 'स्टॉप' म्हणण्याचा अधिकार कॅप्टनपुरता ठेवलेला असला, तरी बिघाड दिसला की त्याची हाक देणे हे सहवैमानिकाचे कर्तव्य मानले जाते.

हे कर्तव्य सहजासहजी आलेले नाही. १८ जून १९७२ रोजी लंडनजवळ स्टेन्स येथे ट्रायडेंट जातीचे विमान उड्डाणानंतर अडीच मिनिटांच्या आत कोसळून ११८ जण मेले. पंखांच्या पुढच्या कडा, ज्या कमी वेगात उचल वाढवतात, अवेळी आत घेतल्या गेल्या होत्या. कॅप्टन स्टॅन्ली की हे अनुभवी व करारी होते. त्या काळी कंपनीत संपावरून दोन पिढ्यांच्या वैमानिकांत कटुता होती, उड्डाणापूर्वी त्यांचा एका सहकाऱ्याशी खडाजंगीचा वाद झाला होता आणि शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाचा विकार आढळला. शेजारी बसलेला वैमानिक २२ वर्षांचा होता. त्या कॉकपिटमध्ये कोण काय बोलले हे कायमचे अज्ञात राहिले, कारण संभाषण नोंदवणारे यंत्र त्या विमानात नव्हते. या अपघातानंतर ब्रिटनने ते बंधनकारक केले.

तेनेरीफ येथील अपघाताच्या बाबतीत मात्र संभाषण उपलब्ध आहे आणि म्हणूनच त्या अपघाताने व्यवसाय अधिक हादरला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील त्या विमानतळावर दाट धुक्यात केएलएम व पॅन अमेरिकन यांची दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएमचे कॅप्टन याकोब फेल्डहाउझन फान झान्टेन हे कंपनीच्या जंबो विमानांचे मुख्य प्रशिक्षक होते. सहवैमानिकाची त्या जातीच्या विमानासाठीची परीक्षा त्यांनीच घेतलेली होती. एकदा त्यांनी कळा पुढे केल्या तेव्हा सहवैमानिकाने परवानगी मिळाली नसल्याची आठवण दिली. मार्गासंबंधीची परवानगी आल्यावर, उड्डाणाची नसतानाही, त्यांनी पुन्हा धाव सुरू केली आणि या वेळी सहवैमानिकाने त्यांना टोकले नाही. फ्लाइट इंजिनिअरने पॅन अमेरिकनचे विमान अजून धावपट्टीवर असेल का अशी शंका विचारली, ती कॅप्टनने ठामपणे झटकली. काही सेकंदांत दोन विमाने आदळून ५८३ माणसे ठार झाली. एकाच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा टोकण्याचे बळ सहवैमानिकाला का झाले नाही, हा प्रश्न हवामान, गर्दी आणि रेडिओवरचा गोंधळ या सर्व कारणांच्या मागे उरतो. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द नियंत्रकाने प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा असा नियम झाला.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनला हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. हिमवर्षावात उभ्या असलेल्या एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ मध्ये इंजिनांचे बर्फापासून रक्षण करणारी यंत्रणा बंद राहिली होती, त्यामुळे मोजमाप करणारी नळी गोठली व शक्तीदर्शक काटे खऱ्यापेक्षा खूप अधिक शक्ती दाखवू लागले. धावेच्या आरंभीच सहवैमानिकाने काटे बरोबर वाटत नसल्याचे पुन्हा पुन्हा सांगितले. थांबण्यास पुरेसा वेळ आणि जागा दोन्ही होती, तरी कॅप्टनने त्याला धीर देऊन धाव चालू ठेवली. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकले आणि पुलावरील चौघांसह ७८ जण मरण पावले. चौकशी मंडळाने कॅप्टनच्या दुर्लक्षावर बोट ठेवलेच, शिवाय सहवैमानिकांना ठामपणे बोलण्याचे प्रशिक्षण द्यावे असेही सुचवले. अमेरिकी अंतराळ संस्थेने १९७९ मध्ये भरवलेल्या एका परिषदेतून या प्रशिक्षणाची रूपरेषा पुढे आली होती आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने ते सुरू केले होते. कॉकपिटमधील माणसे, माहिती व वेळ यांचा एकत्रित वापर शिकवणाऱ्या या पद्धतीला आज जगभर सीआरएम म्हणतात. आरंभी अनेक ज्येष्ठ कॅप्टनांनी तिची शिष्टाचाराचा वर्ग म्हणून थट्टा केली.

महाराष्ट्राच्या भूमीवर धावपट्टीच्या निर्णयाचा सर्वांत विदारक प्रसंग २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, घडला. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ भर दुपारी ११८ जणांना घेऊन मुंबईकडे निघाले. मराठवाड्यातील एप्रिलची दुपार आणि समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीचा विमानतळ या दोन्हींमुळे हवा विरळ होते. विरळ हवेत इंजिनाची शक्ती आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, म्हणून विमानाला अधिक लांब धावावे लागते. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाशी जमिनीवरून सुटले. कुंपणापलीकडून बीड रस्ता जात होता आणि त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची चाके व डाव्या इंजिनाचा भाग त्याला धडकला. जखमी विमान काही किलोमीटर उडाले, उच्चदाबाच्या विजेच्या तारांना अडकले आणि शेतात कोसळले. ५५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा दोष वैमानिकांवर ठेवला गेला, आणि त्याबरोबरच उड्डाणांच्या वेळी रस्त्यावरील रहदारी न रोखल्याबद्दल विमानतळ प्राधिकरणालाही जबाबदार धरले गेले. हा दुसरा भाग लोकस्मृतीत फारसा उरलेला नाही. धावपट्टीच्या टोकाशी रहदारीचा रस्ता असू देणे हाही एक निर्णयच असतो, तो वैमानिकाने घेतलेला नसतो आणि त्याच्या आकडेमोडीत तो दिसतही नाही.

नियम जितका काटेकोर तितके त्याचे अपवाद दुर्मीळ आणि अवघड असतात. २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून निघालेल्या कॉन्कॉर्डचे टायर धावपट्टीवरील धातूच्या पट्टीने फुटले, टाकी भेदली जाऊन आग लागली, परंतु तोवर व्ही-वन उलटला होता. विमान नियमानुसार उडाले आणि ११३ जणांचा बळी घेऊन कोसळले. उलट ८ मार्च २०१७ रोजी अमेरिकेतील इप्सिलँटी येथे एमडी-८३ विमानाचे नाक ओढूनही उचलले जाईना, तेव्हा कॅप्टनने व्ही-वन ओलांडल्यावर धाव रद्द केली. उड्डाणापूर्वी जोरदार वाऱ्यात उभ्या विमानाचा शेपटीकडचा नियंत्रक जाम झाला होता, ही गोष्ट उड्डाणपूर्व तपासणीत दिसणे शक्य नव्हते. उजव्या आसनावर त्यांच्या कामाची परीक्षा घेणारा दुसरा कॅप्टन बसला होता. हात घालून निर्णय फिरवण्याचा अधिकार असूनही त्याने तो वापरला नाही. विमान धावपट्टीबाहेर जाऊन मोडले, तरी ११६ पैकी एकालाच किरकोळ दुखापत झाली. विमान उडूच शकत नसेल तर थांबावे, हा अपवाद नियमात पहिल्यापासून लिहिलेला होता. तो ओळखण्यास त्या कॅप्टनला दोन-तीन सेकंदच मिळाले होते.

भारतात या व्यवसायाचा मार्ग कसा बदलत गेला हे पाहिल्याशिवाय कॉकपिटमधील बोलक्या-अबोल्या सहवैमानिकाचे चित्र पुरे होत नाही. १९२८ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्ता येथे फ्लाइंग क्लब निघाले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. तेव्हा उडणे हा श्रीमंतांचा छंद होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हवाई दलातून बाहेर पडलेले वैमानिक आणि स्वस्तात विक्रीला निघालेली डकोटा विमाने यांच्या जोरावर अनेक खाजगी कंपन्या उभ्या राहिल्या. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासहून निघालेली टपाल विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येऊन पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. रात्रीच्या उड्डाणांचा मोठा अनुभव भारतीय वैमानिकांच्या एका पिढीला या सेवेने दिला. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर दोनच सरकारी कंपन्या उरल्या आणि ज्येष्ठता यादीचे राज्य सुरू झाले. नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेवरून कॅप्टनपद ठरवणाऱ्या या यादीने वशिल्याला आळा घातला, परंतु सहवैमानिकाला वर्षानुवर्षे त्याच कॅप्टनांच्या शेजारी बसायला लावून त्याची जीभ जडही केली.

स्त्रियांना या यादीत शिरण्यासच वेळ लागला. प्रेम माथुर यांना अनेक कंपन्यांनी नाकारल्यानंतर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने संधी दिली. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली कलकत्ता ते सिलचर हे सर्व-स्त्री चमूचे उड्डाण झाले. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण जागतिक सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे, आणि 'कॅप्टन साहेब' या संबोधनातील पुरुष हळूहळू गळून पडत आहे.

१९९० च्या दशकात आकाश खाजगी कंपन्यांना खुले झाले आणि पुढे कमी भाड्याच्या सेवांनी वैमानिकांची मागणी कैक पटींनी वाढवली. फुरसतगंज येथील सरकारी अकादमीच्या जोडीला बारामती, धुळे, गोंदिया येथे प्रशिक्षण संस्था चालू झाल्या आणि शेतकरी, शिक्षक, छोटे व्यापारी यांच्या घरांतील मुलेमुली या वाटेने जाऊ लागली. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी, वैद्यकीय तपासणी, हवामानशास्त्रापासून हवाई नियमांपर्यंतच्या लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण यांवर व्यावसायिक परवाना मिळतो. त्यानंतर टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण, घ्यावे लागते. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला १,५०० तास लागतात. अमेरिकेत २००९ च्या एका अपघातानंतर सहवैमानिकालाही साधारणपणे तेवढ्या तासांची अट घातली गेली. भारत व युरोपने ती स्वीकारली नाही आणि सिम्युलेटरवर, म्हणजे कॉकपिटच्या हुबेहूब प्रतिकृतीवर, भर दिला. व्ही-वनला इंजिन बंद पाडण्याचा सराव प्रत्येक वैमानिकाला दर काही महिन्यांनी तेथेच करावा लागतो. ही निवड तर्कसंगत आहे, कारण शांत हवेत काढलेले हजार तास त्या दोन सेकंदांची तयारी करून घेतीलच असे नाही.

खरी अडचण तासांची नसून पैशांची आहे. परवाना व टाइप रेटिंग मिळून खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे जातो, कंपन्यांच्या काही कॅडेट योजनांत तो कोटीच्या घरात पोहोचतो, आणि त्यासाठी बहुधा घर किंवा जमीन तारण पडते. शिकून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांना नोकरीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेले परवाने उघडकीस आले, त्यामागे याच स्पर्धेचा दाब होता. असा तरुण उजव्या आसनावर बसतो तेव्हा कागदोपत्री त्याला बोलण्याचा अधिकार असतो, पण शेजारच्या माणसाचा शेरा त्याच्या कर्जाच्या हप्त्यांशी जोडलेला असतो. सीआरएमचे वर्ग त्याला शब्द शिकवतात, तो उच्चारल्याबद्दल नोकरी जाणार नाही याची हमी देत नाहीत. ती हमी कंपनीच्या लेखी धोरणातून आणि नियामकाच्या संरक्षणातूनच येऊ शकते. १९१९ मध्ये बेलमाँट पार्कच्या वैमानिकांनी संप करून जो अधिकार मागितला तो धाव सुरू होण्यापूर्वीच्या नकारापुरता होता. धाव सुरू झाल्यावर कनिष्ठाने वरिष्ठाला थांबवण्याचा अधिकार त्यापेक्षा मोठा आहे, आणि भारतीय विमान कंपन्यांनी तो प्रशिक्षणाच्या पुस्तकाबरोबर नोकरीच्या करारातही लिहून देण्याची वेळ केव्हाच आलेली आहे.